पदकाआधीची वर्षं

२० मे २०२३ रोजी शांघायमध्ये तिरंदाजी विश्वचषकाच्या दुसऱ्या टप्प्यात पुरुषांच्या कंपाउंड प्रकाराची अंतिम लढत झाली. एकीकडे होता नेदरलँड्सचा माइक श्लोसर, जागतिक क्रमवारीतला पहिला. २०१५ मध्ये बंदिस्त मैदानातल्या स्पर्धेत साठच्या साठ बाण दहाच्या वर्तुळात मारून ६०० पैकी ६०० गुण मिळवणारा तो जगातला पहिला तिरंदाज. दुसरीकडे होता एकोणीस वर्षांचा प्रथमेश जवकार, राहणार बुलढाणा. निकाल लागला १४९–१४८. प्रथमेश जिंकला.

महाराष्ट्राला बुलढाणा जिल्हा ठाऊक आहे तो जिजाऊंच्या सिंदखेडराजामुळे, लोणारच्या सरोवरामुळे, शेगावच्या गजानन महाराजांमुळे. वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर तो येतो कापूस-सोयाबीनचे भाव पडले की, किंवा पाऊस दगा देऊन गेला की. या यादीत तिरंदाजी कुठेच नव्हती. मग ती आली कशी? शांघायच्या त्या अर्ध्या तासाचं वर्णन तेव्हा सगळ्यांनी केलं, पण त्याच्या मागे कितीतरी वर्षं होती. त्या वर्षांत बाण कोणी घेऊन दिले, टार्गेट कोणी उभं केलं, सकाळी मैदानाचं फाटक कोणी उघडलं, हे विचारायला फारसं कोणी थांबलं नाही. हे पुस्तक तिथे थांबतं. साध्या घरातून, लहान गावातून आलेल्या खेळाडूच्या आयुष्यातला खरा अवघड काळ पदकानंतरचा नसतो, पदकाआधीचा असतो. त्या काळाचा खर्च कोणी उचलायचा, हा या सगळ्या लेखनाचा धागा आहे.

आधी खेळाविषयी थोडं, कारण तो कळल्याशिवाय एका गुणाची किंमत कळत नाही.

तिरंदाजी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रामायण-महाभारताच्या चित्रांतलं धनुष्य येतं. ऑलिम्पिकमध्ये दिसतं ते रिकर्व्ह त्याच कुळातलं. कंपाउंड धनुष्याचं कूळ वेगळं. अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. धनुष्याच्या दोन्ही टोकांना कप्पीसारखी चाकं असतात, त्यांना कॅम म्हणतात. दोरी ओढायला सुरुवात केली की पूर्ण जोर लागतो, पण एका टप्प्यापुढे चाकं फिरतात आणि हातावरचा भार एकदम उतरतो, साठ-सत्तर टक्क्यांहूनही अधिक. त्यामुळे तिरंदाजाला थोडा वेळ स्थिर उभं राहून नेम धरता येतो. दोरीत डोळ्यासमोर एक बारीक छिद्र असतं, पुढे भिंग असतं, भिंगात पाणसळीचा बुडबुडा असतो, आणि दोरी बोटांनी सोडायची नसते. त्यासाठी हातात रिलीज नावाचं छोटं यंत्र असतं.

एवढी साधनं दिमतीला असल्यावर उरलं काय, असं वाटणं साहजिक आहे. उरतो माणूस. टार्गेट ५० मीटरवर असतं आणि दहाच्या वर्तुळाचा व्यास असतो ८ सेंटिमीटर. लढतीत १५ बाण, प्रत्येकासाठी २० सेकंद. जास्तीत जास्त गुण १५०. रिकर्व्हमध्ये एक फेरी हातची गेली तर पुढच्या फेरीत सावरायला जागा असते, कारण तिथे फेरीगणिक गुण मिळतात. कंपाउंडमध्ये सगळ्या बाणांची सरळ बेरीज होते. पहिल्याच बाणाला नऊ लागला तर तो नऊ शेवटपर्यंत अंगावर राहतो. १४९ म्हणजे चौदा दहा आणि एक नऊ. १४८ म्हणजे आणखी एक बाण रेषेच्या किंचित बाहेर. शांघायचं सुवर्ण आणि रौप्य यांच्यात एवढंच अंतर होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेक्सिकोतल्या एर्मोसियोला विश्वचषकाची अंतिम स्पर्धा झाली. उपांत्य फेरीत प्रथमेशने श्लोसरला पुन्हा हरवलं, तेही १५०–१४९ असं. अंतिम लढतीत डेन्मार्कच्या माथियास फुलर्टनशी १४८–१४८ अशी बरोबरी झाली. एकेका बाणाच्या शूट-ऑफमध्ये दोघांनीही दहाच मारले. फुलर्टनचा बाण मध्याच्या अधिक जवळ होता, म्हणून प्रथमेशला रौप्य. पुढे ५ ऑक्टोबरला हांगझोच्या आशियाई क्रीडास्पर्धेत अभिषेक वर्मा, ओजस देवतळे आणि प्रथमेश यांच्या संघाने दक्षिण कोरियाला २३५–२३० असं हरवून सुवर्ण जिंकलं. कंपाउंडची पाचही सुवर्णपदकं त्या स्पर्धेत भारताकडे आली.

इतक्या बारीक फरकाचा खेळ अंगात मुरायला एकच गोष्ट लागते: एकाच प्रकारे सोडलेले हजारो बाण. रोज, त्याच वेळी, कोणीतरी मागे उभं राहून खांदा बघत असताना. हुशारी, जिद्द, घराण्याचं रक्त हे सगळं त्यानंतर. म्हणून या खेळाचा इतिहास लिहायचा तर खेळाडूइतकंच मैदान आणि मैदान चालवणारा माणूस यांच्याकडे बघावं लागतं.

बुलढाण्यात तो माणूस आहे चंद्रकांत इलग. पोलीस दलात नोकरी आणि तिरंदाजीचं प्रशिक्षण, दोन्ही सांभाळणारे. प्रथमेश त्यांचा शिष्य. भारताच्या ज्युनिअर संघाकडून खेळलेला मिहीर अपार हाही बुलढाण्याचाच कंपाउंड तिरंदाज. बुलढाणा पोलीस दलातल्या मोनाली जाधव यांनी २०१९ मध्ये चीनमधल्या चेंगदू इथे झालेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन दलांच्या क्रीडास्पर्धेत तिरंदाजीचं सुवर्ण आणलं. एखाद्या गावातून एक मोठा खेळाडू निघाला तर तो योगायोग म्हणता येतो. लागोपाठ तीन नावं निघाली की योगायोगाचा हिशेब जुळत नाही. तिथे काहीतरी चालू आहे, असं समजावं.

आणि ते चालू आहे ते जागेच्या मानाने अवघड ठिकाणी. जिल्ह्यात तेरा तालुके, आणि बोलण्यात त्यांचे सरळ दोन भाग: घाटावरचे आणि घाटाखालचे. मुंबई-हावडा रेल्वे जाते ती घाटाखालून, मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण असलेलं बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आहे आणि तिथे रेल्वे नाही. राष्ट्रीय शिबिराला हरियाणातल्या सोनिपतला जायचं तर आधी एसटीने किंवा मिळेल त्या गाडीने घाट उतरायचा, तोही धनुष्याची लांबलचक पेटी सांभाळत. धनुष्याची तार, कॅम, साइट यांत बिघाड झाला तर दुरुस्तीचं दुकान गावात मिळेल ही आशा नको. मोठ्या शहरातल्या खेळाडूला ज्या गोष्टी दिसतही नाहीत, त्या इथे रोजच्या नियोजनाचा भाग असतात.

पैशाचं तर विचारूच नये. चांगल्या कंपाउंड धनुष्याचा सगळा साज जमवायला लाखांत रक्कम लागते. बाणही स्वस्त नाहीत, आणि ते मोडतात, वाकतात, हरवतात. शेतीवर किंवा बेताच्या पगारावर चालणाऱ्या घरात मुलाच्या हाती एवढ्या किमतीची वस्तू द्यायची, तीही पुढे काही होईल याची खात्री नसताना, हा निर्णय सोपा नाही. इथे मदतीला येते ती कोणाची तरी जुनी वस्तू, प्रशिक्षकाने तोपर्यंत वापरायला दिलेलं धनुष्य, उधारीवर आणलेले बाण. खेळाच्या बातमीत यांपैकी काहीच येत नाही.

हा प्रश्न एकट्या बुलढाण्याचा नाही. महाराष्ट्राच्या तिरंदाजीचा नकाशाच लहान ठिकाणांनी भरलेला आहे. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. आईवडील शेतमजूर, घर म्हणजे ओढ्याकाठची झोपडी. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक विकास भुजबळ यांनी पोराला धावायला लावलं, खाण्यापिण्याची आणि प्रवासाची सोय बघितली. पोरगा राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत पोचला. तिथे धावणं सुटलं, तिरंदाजी हाती आली, आणि प्रशिक्षणासाठी तो अमरावतीला गेला. पुढे खेळाडू म्हणून सैन्यात भरती झाली. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत तरुणदीप राय, अतनु दास आणि प्रवीण यांच्या संघाने रौप्य जिंकलं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये प्रवीणने जागतिक क्रमवारीत दुसऱ्या असलेल्या रशियाच्या गाल्सान बाझारझापोव्हला ६–० असं हरवलं, आणि पुढच्याच फेरीत अव्वल क्रमांकाच्या ब्रॅडी एलिसनकडून तो हरला.

या गोष्टीचा हिशेब मांडून बघा. शिक्षकाचा पगार, प्रबोधिनीचं वसतिगृह, सैन्याची नोकरी. हे तीन टेकू एकापाठोपाठ एक वेळेवर मिळाले म्हणून सरडे ते टोकियो हा रस्ता पुरा झाला. मधला एक जरी निसटला असता तर प्रवीण आज कुठल्या तरी शेतात दिवसाच्या रोजावर असता, आणि त्याच्यात एक तिरंदाज होता हे त्यालाही कळलं नसतं. असे किती जण राहून गेले असतील याची मोजदाद होत नाही.

इथे दुसऱ्या एका खेळाकडे नजर टाकली तर आपला प्रश्न अधिक स्पष्ट होतो. तो खेळ म्हणजे गोल्फ. श्रीमंतांचा, क्लबांचा, हिरवळीचा. पण भारतातल्या व्यावसायिक गोल्फच्या पहिल्या पिढ्या पाहिल्या तर त्यांत सदस्यांच्या मुलांबरोबर, किंबहुना अधिक, क्लबच्या नोकरवर्गातली मुलं दिसतात. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबमध्ये कॅडी होते, म्हणजे दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहत. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले आणि १९९३ मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. एस. एस. पी. चौरासिया यांचे वडील १८२९ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये हिरवळ राखायचं काम करत. मुलगा बघून बघून शिकला, १९९७ मध्ये व्यावसायिक झाला, आणि दिल्लीत २००८ ची इंडियन मास्टर्स जिंकून युरोपियन टूरच्या विजेत्यांत जाऊन बसला. २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षं त्यांनी इंडियन ओपन जिंकली, आणि २०१६ मध्येच रिओ ऑलिम्पिकमध्ये भारताकडून खेळले.

गोल्फने या मुलांवर कृपा केली असं म्हणायचं कारण नाही. पण त्या खेळात एक सोय आपोआप होती. पोट आणि सराव एकाच जागी होते. पिशवी वाहिल्याचे पैसे मिळत, आणि तेच मैदान डोळ्यांखालून जात असे. सकाळी सदस्य यायच्या आधी किंवा संध्याकाळी ते गेल्यावर टाकून दिलेल्या काठीने चार फटके मारता येत. पुढे जिंकलं तर बक्षिसाची रक्कम थेट हातात पडते. एका चांगल्या आठवड्यात वर्षभराची सोय होऊ शकते. उलट हरलं तर प्रवासाचा खर्चही अंगावर येतो. गोल्फची कमाई अशी बेभरवशाची, पण ती खेळातूनच येते.

तिरंदाजीत तसं नाही. टार्गेट उभारून देण्याचा रोज कोणी देत नाही, आणि विश्वचषक जिंकला म्हणून आयुष्य उभं राहील इतकं बक्षीस मिळत नाही. म्हणून तिरंदाजाचा पगार बहुधा दुसरीकडून येतो: सैन्य, पोलीस, रेल्वे, किंवा राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेलं पाच टक्के आरक्षण. तिरंदाजीतला व्यावसायिक खेळाडू म्हणजे बऱ्याचदा गणवेशातला कर्मचारी. मोनाली जाधव यांचं सुवर्ण पोलिसांच्या स्पर्धेतलं आहे आणि प्रथमेशचे प्रशिक्षक पोलिसातले आहेत, या दोन गोष्टी म्हणूनच सुट्या नाहीत. ज्या जिल्ह्यात क्लब नाहीत, कारखानदारांचा आश्रय नाही, तिथे सरकारी नोकरीतला माणूसच खेळाचा पोशिंदा होतो. ड्यूटीचे तास संपले की उरलेला वेळ तो पोरांना देतो. सरकारच्या कुठल्याच अंदाजपत्रकात या वेळेचा रकाना नसतो.

ही व्यवस्था चांगली की वाईट? दोन्ही. पगाराची शाश्वती मिळते, घरच्यांची धास्ती जाते, आणि खेळ सुटला तरी माणूस उघड्यावर पडत नाही. गोल्फमध्ये हे नाही. पण ही नोकरी मिळते पदकानंतर. जो दहा-बारा वर्षांचा मुलगा आज पहिल्यांदा धनुष्य उचलतो आहे, त्याच्या आणि त्या नोकरीच्या मध्ये सात-आठ वर्षं आहेत. ती पोकळी एखाद्या इलगांनी, एखाद्या भुजबळांनी आपल्या खिशातून आणि आपल्या वेळेतून भरायची, अशी आपली सध्याची रीत आहे. व्यक्ती चांगली निघाली तर जिल्ह्याला खेळाडू मिळतो. तिची बदली झाली, ती निवृत्त झाली, थकली, की मैदान ओस.

कंपाउंडवाल्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये नव्हता. जागतिक स्पर्धेत तो १९९५ पासून, आशियाई स्पर्धेत २०१४ पासून. पण आपल्याकडे मोठा निधी आणि मोठं कौतुक ऑलिम्पिकच्या मागे धावतं. जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला एकाच वर्षात दोनदा हरवणाऱ्या मुलाला ‘ऑलिम्पिकला कधी?’ असं विचारलं तर तो काय सांगणार? एप्रिल २०२५ मध्ये निर्णय झाला आणि लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र जोडीचा समावेश झाला. एकच पदक, एकच जोडी, आणि त्या जागेसाठी सगळा देश. तरीही दार किलकिलं झालं आहे. बुलढाणा, सातारा, नागपूर इथे ज्यांनी हे धनुष्य उचललं त्यांनी ते दार बंद असताना उचललं होतं, याची नोंद राहायला हवी.

अशा लेखनात एक मोह फार मोठा असतो. खेळाडू लहान गावचा असला की लेखणी लगेच चिखल, कंदील आणि उपाशी पोट शोधायला लागते. प्रत्येकाच्या घरी चूल विझलेलीच असते असं नाही. बर्लिनमध्ये कंपाउंडची जगज्जेती ठरलेली आदिती स्वामी आणि त्याच दिवशी तिथेच १५० पैकी १५० मारून जगज्जेता झालेला ओजस देवतळे, दोघांनीही ऑगस्ट २०२३ मध्ये जे केलं ते साताऱ्यात प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्या हाताखाली घडवलेल्या तंत्राच्या बळावर. कोणाची घरची परिस्थिती कशी होती यावरून बाण सरळ किंवा तिरका जात नाही. गरिबी माणसाला तिरंदाज करत नाही. तिरंदाज व्हायला लागणारा खर्च ती फक्त वाढवते. ज्याला धनुष्य विकत घेता येत नाही त्याला तेच धनुष्य दोन वर्षं उशिरा मिळतं, आणि या खेळात दोन वर्षं म्हणजे एक पिढी.

हालअपेष्टांच्या कथेचा दुसराही एक तोटा आहे. ती ऐकून आपल्याला भरून येतं, आणि भरून आल्यावर काही केल्यासारखं वाटतं. एकलव्याची गोष्ट आपण याच कारणासाठी वर्षानुवर्षं आवडीने सांगत आलो. गुरूशिवाय, साधनांशिवाय तो एकटाच शिकला, हे आपल्याला फार भावतं. कारण त्यात बाकीच्यांना काहीच करावं लागत नाही. बुलढाण्याची गोष्ट नेमकी उलट आहे. इथे गुरू होता, रोज होता, म्हणून शिष्य घडले.

वाचकाने पुढची पानं उलटताना म्हणूनच दोन गोष्टींकडे लक्ष द्यावं. पहिली, सरावाचा तपशील: पायांमधलं अंतर, श्वास कधी धरायचा, वारा असताना नेम किती सरकवायचा, नऊ लागल्यावर पुढच्या वीस सेकंदांत मनाला कसं जागेवर आणायचं. हे तपशील कंटाळवाणे वाटले तर खेळाडूला ते किती वर्षं कंटाळा न करता करावे लागले याचा विचार करावा. दुसरी, पैशांचा तपशील: धनुष्य कोणाचं, प्रवास कोणाच्या खर्चाने, शाळेने सुट्टी दिली की नाही. खेळाडूंच्या चरित्रांत या ओळी सहसा गाळल्या जातात, कारण त्यांत थरार नसतो. पण पुढच्या मुलाच्या आईवडिलांना नेमक्या याच ओळी हव्या असतात.

पदक आल्यावर आपण काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे. जीपवर मिरवणूक, हार, फलक, नेत्यांचे फोटो, बक्षिसाच्या घोषणा. त्यात वावगं काही नाही. जिंकणाऱ्याचा तो हक्कच आहे. पण एका मिरवणुकीच्या खर्चात सरावाची किती टार्गेटं येतात हा हिशेबही एकदा गावाने मांडावा. देऊळगाव राजात, मेहकरात, जळगाव जामोदात, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, शाळेच्या मागे पन्नास मीटर मोकळी जागा आणि सुरक्षित भिंत मिळणं कठीण नाही. कठीण आहे ते तिथे रोज सकाळी उभा राहणारा माणूस मिळणं, आणि मिळाला तर त्याच्या वेळेचं मोल करणं. जिल्हा क्रीडा कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस दल, साखर कारखाने आणि पतसंस्था यांनी मनावर घेतलं तर एका जिल्ह्यात अशी पाच मैदानं चालवणं त्यांच्या ऐपतीबाहेरचं नाही. प्रथमेशने श्लोसरला हरवलं ते एका गुणाने. पण त्याच्यासारख्या दुसऱ्या मुलाला धनुष्य हाती यायच्या आधीच हरवणारं अंतर फार मोठं आहे, आणि ते कमी करणं तिरंदाजाच्या नाही, आपल्या हातात आहे.